आधी त्याच्या पानात काय आहे ते पाहू या

जेवणाची वेळ जवळ आली की तुमच्या पोटात गोळा येतो, हे मला ठाऊक आहे. कालवणाला उकळी येते, भाकऱ्या टोपल्यात पडतात, घरातली सगळी माणसं पानावर बसतात आणि तुमचं मूल मात्र नाक-तोंड दाबून बाहेरच्या खोलीत पळतं. कुणीतरी म्हणतं, ‘लाड केलेस म्हणून.’ दुसरं म्हणतं, ‘दोन दिवस उपाशी ठेव, आपोआप खाईल.’ शेवटी त्याच्या हातात तोच बिस्किटाचा पुडा जातो आणि तुमचा स्वतःचा घास घशाखाली उतरत नाही. जासई, गव्हाण, चिर्ले या आपल्या पट्ट्यात स्वमग्न मुलांच्या ज्या आया मला भेटतात, त्यांच्यातल्या बहुतेकजणी बोलता बोलता याच ठिकाणी येऊन रडतात. मुलाचं बोलणं उशिरा आलं, शाळेत त्रास झाला, हे सगळं त्यांनी झेललेलं असतं. पण पोटचं पोर आपल्या हातचं खात नाही, हे दुःख फार आतलं असतं.

म्हणून सगळ्यात आधी हे ऐका. हे तुमच्या लाडांमुळे झालेलं नाही. १९४३ साली लिओ कॅनर या डॉक्टरांनी अमेरिकेत ११ मुलांची निरीक्षणं लिहिली आणि ऑटिझमचं पहिलं सविस्तर वर्णन जगासमोर आलं. त्या पहिल्या लेखातच या मुलांच्या खाण्याच्या अडचणींची नोंद आहे. बाहेरच्या जगातली जी पहिली गोष्ट बाळाच्या आत शिरते ती अन्न, आणि ज्याला बाहेरचं जग आत आलेलं सहन होत नाही ते मूल तिथेच पहिला विरोध करतं, असं त्यांना दिसलं होतं. इतक्या टोकाच्या नकाराला आता वैद्यकशास्त्रात एआरएफआयडी असं वेगळं निदानही आहे. २०१३ पासून ते मानसिक आजारांच्या अमेरिकी वर्गीकरणात आहे. वजनाची किंवा दिसण्याची चिंता नसताना, केवळ चव, वास, स्पर्श किंवा भीती यांमुळे अन्न टाळलं जातं, त्याला हे नाव आहे. अर्थात प्रत्येक स्वमग्न मुलाला हे निदान लागू होत नाही. पण ‘नाटकं करतो’ हा शब्द घरातून काढून टाकायला एवढं पुरेसं आहे.

त्याच्या जागी बसून पाहा. बिस्कीट रोज तेच असतं. तोच आकार, तोच आवाज, तीच गोडी. वांग्याची भाजी दोन दिवस सारखी लागत नाही. आज वांगं कोवळं, उद्या बियांचं. कालवण आज दाट, उद्या पातळ, परवा चिंच जास्त. आपल्या जिभेला हा फरक हवाहवासा वाटतो. त्याला मात्र रोज नव्याने अनोळखी पदार्थ समोर आल्यासारखं होतं. आणि ही मुलं फरक ओळखण्यात आपल्यापेक्षा फार पुढे असतात. आपल्या भागात पूर्वी घरच्या शेतातलं भात यायचं, वर्षभर एकाच तांदळाचं पीठ, एकाच चुलीवरची भाकरी. सिडकोने जमिनी घेतल्या, १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जासईच्याच आसपास शेतकरी गोळ्या झेलायला उभे राहिले, १९८९ साली न्हावा-शेवा बंदर सुरू झालं, आणि शेतांच्या जागी कंटेनरची यार्डं आली. आता तांदूळ दुकानातून येतो, कधी हा, कधी तो. मोठ्यांना त्या भाकरीतला फरक जाणवतो, पण ते खातात. तुमचं मूल एक दिवस भाकरी ढकलून देतं आणि तुम्हाला कारण सापडत नाही. कारण पिठात असू शकतं. पिठाचा तांदूळ शक्यतो एकच ठेवा, बदलायचा झाला तर जुन्या पिठात नवं थोडं थोडं मिसळत न्या.

आवाजाचंही तसंच. रस्त्यालगतच्या घरात दिवसरात्र ट्रेलरचे हॉर्न आणि ब्रेकचा फुसकारा येत असतो. टीव्ही चालू, पंखा करकरतो, चार माणसं एकदम बोलतात. ज्याच्या कानांना हे सगळं सारख्याच जोराने ऐकू येतं, त्याला त्या गोंगाटात तोंडातला नवा घासही सांभाळायचा असतो. नवीन काही द्यायचं तर आतली खोली, टीव्ही बंद, एकच माणूस सोबत. काही घरांत एवढ्याच बदलाने जेवण सुधारल्याचं मी पाहिलं आहे.

नवीन पदार्थ देण्यापूर्वी डॉक्टरांकडे एक फेरी हवीच. दात किडला असेल, शौचाला खडा होत असेल, आम्लपित्ताने छाती जळत असेल, तर ते मूल सांगू शकत नाही. फक्त तोंड मिटतं. बद्धकोष्ठतेकडे विशेष लक्ष द्या, कारण बिस्कीट, पांढरा भात आणि दूध यांवर वाढणाऱ्या मुलांत ती फार असते, आणि पोट साफ नसेल तर भूकच लागत नाही. दूध रोज अर्ध्या लिटरच्या वर जात असेल, किंवा चहा-खारीवर दिवस निघत असेल, तर रक्तातलं लोह तपासून घ्या. लोह कमी असलं की झोपही बिघडते. माती, खडू, भिंतीचा रंग खाण्याची सवय असेल तर ते आवर्जून सांगा. मूल अचानक लंगडायला लागलं, पाय दुखतात म्हणून चालेना, हिरड्यांतून रक्त येऊ लागलं, तर त्याच्या पोटात फळ-भाजी जात नाही हे डॉक्टरांना स्वतःहून सांगा. क जीवनसत्त्व अगदीच न मिळाल्याने होणारा स्कर्व्ही आज कुणाच्या डोक्यात येत नाही, पण मोजकंच खाणाऱ्या स्वमग्न मुलांत तो जगभर आढळला आहे आणि आधी हाडांचा आजार म्हणून तपासण्या होत राहिल्या आहेत. संध्याकाळी दिसत नाही असं वाटलं तर अ जीवनसत्त्वाचा विचार करायला हवा. गिळताना ठसका लागतो, वजन घटतं आहे, ठरलेल्या पदार्थांतलेही पदार्थ गळत चालले आहेत, यातलं काहीही असेल तर घरगुती प्रयोगांत वेळ घालवू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून २ वेळा आणि सरकारी शाळेत एकदा येतं. त्यांच्यापुढे खाण्याची अडचण बोलून दाखवा, नुसतं वजन करून परत येऊ नका.

आता पथ्याबद्दल, कारण हा प्रश्न मला हमखास येतो. कुणीतरी सांगितलेलं असतं, गहू बंद करा, दूध बंद करा, मूल बोलायला लागेल. आशेपोटी आईबाप काहीही करायला तयार होतात आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. पण पुरावा काय सांगतो ते पाहा. २००८ साली कॉक्रेन या संस्थेने या पथ्यावरचे सगळे विश्वासार्ह प्रयोग शोधले, तेव्हा हाती २ लागले, दोन्ही मिळून मुलं ३५. एवढ्यावरून सगळ्यांनी हे पथ्य करावं असं म्हणता येत नाही, हाच त्यांचा निष्कर्ष होता. याच सुमारास अमेरिकेत स्वमग्न मुलग्यांच्या हाडांची जाडी मोजली गेली. ती कमी भरली, आणि दुधाचं पथ्य असलेल्यांत आणखी कमी. ज्या मुलाचे मुळात पाच-सहाच पदार्थ आहेत, त्याचे दोन काढून घेताना दहा वेळा विचार करायला हवा, असं माझं स्पष्ट मत आहे.

तरीही काही मुलांना पथ्य खरोखरच लागतं. कुणाला सीलियाक हा गव्हाचा आजार असतो, कुणाला दुधाची ॲलर्जी. सीलियाकची शंका असेल तर गहू बंद करण्याआधी रक्ततपासणी करा. आधी बंद करून मग तपासलं तर आजार असूनही तपासणी ‘नाही’ म्हणू शकते. आणि पथ्य पक्कं ठरलं, तर तुमच्या स्वयंपाकघराइतकं सोयीचं स्वयंपाकघर दुसरं नाही. आगरी-कोळी घराचं रोजचं खाणं तांदळाचं आहे. भाकरी, घावन, आंबोळी, तांदळाच्या शेवया, तांदळाचे पापड, यांत गहू मुळातच नाही. गहू येतो तो बिस्कीट, खारी, पाव आणि नूडल्समधून. दूध बंद असेल तर १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३६० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, तेवढ्याच दुधात सुमारे १२०. कवचासकट खाल्ला जाणारा बारीक जवळाही कामाचा. पथ्याच्या मुलाला नवा पदार्थ देताना एका वेळी एकच द्यायचा, चार-पाच दिवस तोच ठेवायचा, आणि पोट, अंगावरचं पुरळ, झोप याची वहीत नोंद करायची. एकदम दोन गोष्टी दिल्या आणि त्रास झाला, तर दोष कुणाचा ते कळत नाही आणि बिचारे दोन्ही पदार्थ बाद होतात.

पण मूल खाईल कसं? इथे बहुतेक घरांत सुरुवात उलट्या टोकाकडून होते. काय खात नाही याची यादी तोंडपाठ असते. मला ती नको असते. काय खातं ते लिहून आणा, अगदी बारकाव्यासकट. गरम की गार, कोणत्या ताटलीत, कुणाच्या हातचं, अखंड की मोडलेलं.

एक उदाहरण सांगते. सहा-सात वर्षांची मुलगी. आई म्हणाली, फक्त तांदळाची भाकरी खाते, बाकी काही नाही. मी म्हटलं, माझ्यासमोर जेवू दे. मुलीने भाकरी घेतली, फुगलेला वरचा पापुद्रा अलगद सोलला, उजेडाकडे धरून पाहिला, कडेपासून कुरतडत संपवला, आणि खालचा मऊ भाग ताटाखाली सरकवला. म्हणजे ती भाकरी खातच नव्हती. ती पातळ, कोरडं, किंचित करपलेलं आणि दाताखाली मोडणारं असं काहीतरी खात होती. हे कळल्यावर पुढची वाट दिसायला लागली. आईने घावन जरा जास्त वेळ तव्यावर ठेवून त्याची जाळीदार कडा कुरकुरीत केली, आणि तेवढीच कडा पापुद्र्याशेजारी ठेवली. खा म्हटलं नाही. पहिल्यांदा मुलीने ती उचलून खिडकीबाहेर टाकली. नंतर कधीतरी ती हातात घेऊन उजेडाकडे धरली. मग जिभेने शिवली, थुंकली. थुंकायला म्हणून एक वाटी शेजारी ठेवलेली होती, आणि त्यावर कुणी ओरडलं नाही. काही आठवड्यांनी कडा पोटात जायला लागली. तिथून तांदळाचा भाजलेला पापड, मग त्याच पिठात थोडी नाचणी घातलेला घावन.

आणि मग आला सुका बोंबील. आईचा विश्वासच बसेना. ज्या घरात ओल्या मासळीच्या वासाने मुलगी पळायची, तिथे निखाऱ्यावर खरपूस भाजलेला, तोडला की काडकन मोडणारा बोंबील तिने हातात घेतला. मला त्यात नवल वाटलं नाही. अनेक स्वमग्न मुलांना बुळबुळीत आणि मऊ नको असतं, पण कोरडं, खारट, आवाज करणारं आवडतं. ठसठशीत चव तोंडात नेमकी कळते. वेफर आणि कुरकुऱ्यांवर ती तुटून पडतात ती यासाठीच. आपल्या घरात तेच गुण असलेलं प्रथिनांचं आणि कॅल्शियमचं खाणं डब्यात भरून ठेवलेलं असतं, फक्त ते मुलाचं खाणं म्हणून आपल्याला सुचत नाही. भाजलेला जवळा कोरडाच, मसाला न घालता, चिमूटभर देऊन पाहा. मीठ जास्त असतं म्हणून आधी धुऊन, वाळवून, मग भाजायचा आणि रोज ढीगभर द्यायचा नाही. बोंबलाचा मधला काटा काढून टाका आणि शेजारी बसून राहा. मासळीची ॲलर्जी घराण्यात असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. तुमचं मूल कुरकुरीत खाणारं नसेल, त्याला मऊ आणि एकसारखंच लागत असेल, तर ही वाट त्याची नाही. त्याची वाट पेजेतून जाते. साधी पेज, मग किंचित दाट पेज, मग नाचणीची आंबील, मग चांगलं घोटलेलं आणि गाळलेलं वालाचं कढण.

प्रत्येक पायरीला एकच गोष्ट बदलायची. रंग बदलला तर चव तीच, चव बदलली तर आकार तोच. आणि पायरी लहान म्हणजे खरोखर लहान. नखाएवढा तुकडा हा घास आहे. साध्या मुलांनासुद्धा नव्या पदार्थाची दहा-पंधरा वेळा ओळख व्हावी लागते, स्वमग्न मुलांना त्याहून बरीच जास्त. म्हणून दोनदा नाकारलं की ‘त्याला आवडत नाही’ असा शिक्का मारू नका. पाहणं, जवळ बसणं, बोट लावणं, वास घेणं, ओठाला लावणं, थुंकणं, या सगळ्या जेवणाच्याच पायऱ्या आहेत आणि मूल त्या स्वतःच्या चालीने चढतं.

एक गोष्ट मात्र कधीही करू नका. त्याच्या भरवशाच्या पदार्थात काही लपवू नका. दुधात अंडं, बिस्किटाच्या चुऱ्यात औषध, भाताखाली भाजी. त्याला कळतंच. मग ते भाजी टाकत नाही, भातच सोडून देतं. ज्या मुलाकडे पाच पदार्थ आहेत त्याचा एक असा घालवणं फार महागात पडतं. नाक दाबून भरवणं, हात धरून कोंबणं, मोबाइल दाखवून बेसावध घास सरकवणं, हेही त्यातलंच. आणि उपाशी ठेवणं तर नाहीच. या मुलांतल्या अनेकांना भूक लागल्याची जाणीवच नीट होत नाही. ती उपाशी राहतात, चिडतात, आजारी पडतात, पण अनोळखी ताटाकडे वळत नाहीत.

मग घरात नियम कसला? अमेरिकेतल्या आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी कामाची एक वाटणी सांगितली आहे, ती मला पटते. काय, कधी आणि कुठे वाढायचं ते आईबापाने ठरवायचं. खायचं की नाही आणि किती, हे मुलाने. तुमच्या घरात याचा अर्थ असा की दर दोन-तीन तासांनी ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी ताट मांडायचं, त्यात त्याचा एक तरी हक्काचा पदार्थ पोटभर ठेवायचा, आणि नवीन तुकडा वेगळ्या बशीत, ताटाच्या बाहेर. मधल्या वेळात पुडा हाताशी नको. दिवसभर चरत राहिलं तर भूक जमत नाही. यार्डात पाळीने जाणारे बाबा ज्या दिवशी घरी असतील त्या दिवशी त्यांनी मुलाशेजारी बसून तेच खावं, कौतुक न करता आणि नजर न रोखता. ‘वा, शाब्बास, खाल्लंस!’ असा गलका झाला तर काही मुलं तिथेच थांबतात.

जेवणाच्या वेळेबाहेर अन्नाशी खेळू द्या. वालाच्या शेंगा सोलायला बसवा. तांदूळ निवडू दे, पीठ मळताना बोटं बुडवू दे, लसूण ठेचू दे. थंडीत पोपटी लावाल तेव्हा त्याला मडक्यात शेंगा रचायला घ्या, भांबुर्डीचा पाला हातात द्या. मडकं उघडल्यावर त्याने काही खाल्लं नाही तरी चालेल. तो वास, ती वाफ, ती माणसं त्याच्या ओळखीची झाली, एवढं त्या दिवसापुरतं पुष्कळ आहे. पुढच्या थंडीत कदाचित त्यातला बटाटा उचलेल. बटाटाच का, तर तो आतून सगळीकडे सारखा असतो.

मधे मागे जाणं होईल, त्याची तयारी ठेवा. ताप येऊन गेला, घरात रंगकाम निघालं, पाहुणे राहून गेले, बिस्किटाच्या पुड्याचं वेष्टन बदललं, की मिळवलेले दोन पदार्थ पुन्हा जातात. तेव्हा शेवटच्या जमलेल्या पायरीवर परत यायचं. नवीन काहीच द्यायचं नाही, घडी बसेपर्यंत.

शाळेत खिचडी मिळते, ती बहुतेकांना जमत नाही, कारण त्यात सगळं एकमेकांत मिसळलेलं असतं आणि प्रत्येक घास वेगळा लागतो. शिक्षकांना भेटून घरचा डबा आणू देण्याची परवानगी मागा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत स्वमग्नता आहे आणि शाळेने मुलाच्या गरजेनुसार सोय करून द्यावी असं त्यात सांगितलं आहे. डब्याची सोय ही मेहेरबानी म्हणून मागू नका.

आणि आपल्याकडची लग्नातली हळद. रात्रभर डीजे, अंगणभर माणसं, मटणाचा घमघमाट, आणि प्रत्येक मावशी-आत्या हातात घास घेऊन ‘माझ्या हातचं खाईल बघ’ म्हणत पुढे येणार. त्या रात्री नवीन काही शिकवायचं नसतं. घरून पोट भरून न्या, त्याचा डबा आणि त्याची ताटली सोबत ठेवा, मागच्या खोलीत शांत जागा आधीच मागून घ्या, आणि थोड्या वेळाने दोघांपैकी एकाने त्याला घेऊन घरी निघा. आत्याला सांगायचं, ‘तो हळूहळू शिकतोय, घास बशीत ठेवा, त्याला वाटलं तर घेईल.’ हे वाक्य आजीच्या तोंडून आलं तर सगळ्यात बरं. म्हणून पापुद्रा सोलताना, शेंगा सोलताना आजीलाच त्याच्या शेजारी बसवा. तिने एकदा ते डोळ्यांनी पाहिलं की हळदीच्या मांडवात तुम्हाला एकटीला बोलावं लागत नाही.